डोकं कुणाच्या नावावर?

केस हा मृत पदार्थ आहे, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझे निम्मे केस जागा सोडून गेलेले असल्यामुळे फारसं सुतक पाळावं लागलं नाही. तरी धक्का बसलाच. जिवंतपणा काय तो कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा नुसता दोरा. नखाचा सख्खा भाऊ. म्हणून तर न्हावी कात्री चालवतो तेव्हा आपण ओरडत नाही. ओरडायचं ते पैसे देताना.

आता तुम्ही म्हणाल, मग 'खराब केसांना पुन्हा आरोग्य' देणाऱ्या एवढ्या बाटल्या बाजारात खपतात कशा? मेलेल्याला आरोग्य कसलं द्यायचं? मी कॉमर्सचा पदवीधर. विज्ञानाशी माझे संबंध दहावीत तुटले ते तुटले. पण घसारा म्हणजे काय ते मला कळतं, आणि केस ही घसारा लागणारी मालमत्ता आहे. दर महिन्याला मुळाशी साधारण अर्धा इंच नवा माल येतो आणि जुना खाली सरकतो. म्हणजे दोन फुटी वेणीचं टोक चार वर्षांपूर्वीचं. केसावर बारीक खवले असतात, छपरावर एकावर एक कौलं बसवावीत तसे. ऊन, घासाघीस आणि अंगाचा साबण यांनी ती कौलं उचकटतात, आणि उचकटलेलं कौल शेजारच्या कौलात अडकतं. याला घरगुती भाषेत गुंता म्हणतात. कंडिशनर काय करतो, तर मोडलेल्या जागी ऋण भार असतो तिथं त्याचे धन भाराचे रेणू जाऊन चिकटतात आणि कौलं बसल्यासारखी दिसतात. पुढच्या धुण्याला पुन्हा पहिले पाढे. हिशेबाच्या भाषेत ही डागडुजी, महसुली खर्च. भांडवलात एका पैशाची भर नाही.

हे सगळं मी घरी उत्साहानं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "थोडक्यात काय, डोक्याला तेल लावणं म्हणजे मयत खातेदाराच्या खात्यात पैसे भरणं."

"मग तुम्ही उद्यापासून भांग पाडू नका," बायको म्हणाली. "तसाही भांगाला दोन्ही बाजूंना केस लागतात."

बायकोला या विषयात अधिकार आहे, कारण ती जोतिबाची. म्हणजे थेट डोंगरावरची, वाडी रत्नागिरीची. कोल्हापूरपासून अठराएक किलोमीटरवर असलेल्या माझ्या या सासरवाडीत केस धुणं ही साधी आंघोळीची बाब नसून तो अभ्यासाचा विषय आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो माणसं डोंगरावर येतात, उंच सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि गुलालाची अशी उधळण होते की 1730 साली राणोजी शिंद्यांनी बांधलेलं ते काळ्या दगडाचं देऊळ मुळात कुठल्या रंगाचं, हे नव्या जावयाला सांगून पटत नाही. मला पटलं नव्हतं. जोतिबाला जाऊन आलो हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. कान सांगतात, बनियन सांगतो, आठवड्यानंतर उशीचा अभ्रा सांगतो.

या गुलालाचं शास्त्र डोंगरावरच्या बायकांना पाठ आहे. आदल्या रात्री डोकं तेलानं चोपडायचं, म्हणजे रंग केसाच्या आत शिरत नाही. परतल्यावर आधी गुलाल कोरडाच झटकायचा, विंचरायचा, आणि मगच पाणी. घाईनं आधी पाणी ओतणारा जावई सोमवारी कॅशच्या खिडकीत गुलाबी डोक्यानं बसतो. ज्याचे केस आधीच खराब, त्याच्यावर रंग जास्त चढतो, कारण कौलं उघडीच असतात. आणि गंमत म्हणजे गुलालाबरोबर तिथं खोबरंही उधळतात. 2003 साली मुंबईच्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तिन्ही केसांना लावून पाहिली. केसातलं प्रथिन धुपून जाणं कमी केलं ते एकट्या खोबरेलानं, कारण ते केसाच्या आत शिरतं. हे दोघे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते. कर्जदारानं स्वतः काढून आणलेला ताळेबंद मी जरा जपूनच वाचतो. पण आमच्या आज्ज्या कुठल्या कंपनीच्या पगारावर नव्हत्या आणि त्यांचंही मत हेच होतं. रोग आणि औषध एकाच मुठीनं उधळायला लावणारा दुसरा देव माझ्या पाहण्यात नाही.

सासरवाडीच्या शेजारी एक आज्जी राहतात. देवळाच्या वाटेवर बसून गुलाल, खोबरं आणि दवणा विकतात. मुलगा आणि सून इचलकरंजीला यंत्रमागावर, अकरा वर्षांची नात आज्जीजवळ. गेल्या चैत्रात यात्रेचा गुलाल डोक्यात असतानाच पोरीला ताप आला. तीन आठवडे अंथरूण. आज्जीला दुकान सोडता येईना, तापातल्या पोरीचं डोकं धुवायचं नाही हा शिरस्ता, आणि विंचरायला गेलं की ती रडायची. ताप उतरला तेव्हा मानेवर, डाव्या बाजूला, मुठीएवढा गोळा झाला होता. गुलाल, घाम आणि केस. आज्जींनी त्याला भंडारा लावला, हात जोडले आणि सांगून टाकलं, जट आली. यल्लम्माची. जोतिबाचा गुलाल थेट यल्लम्माच्या खात्यावर ट्रान्स्फर! चेक नाही, स्लिप नाही, वटणावळ नाही.

इथं मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या या मुलखात जट हा शब्द थट्टेचा नाही. जट आली म्हणजे देवीचं बोलावणं आलं, असं म्हणून मुली सौंदत्तीला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध 1934 साली कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली झाला. आज्जींच्या मनात तसलं काही नव्हतं. नातीनं शिकून नर्स व्हावं असं त्या गिऱ्हाइकालाही सांगतात. त्यांना भीती होती, बस्स. कातरलं तर पोरीला काही झालं तर?

ही भीती काही आपल्याकडचीच नाही. जटेचं डॉक्टरी नाव प्लायका पोलोनिका, म्हणजे गाव पोलंड. तिथंही लोक जट कापायला घाबरत. कापली की आजार उलटतो म्हणत. एकोणिसाव्या शतकात क्राकूव्ह शहराच्या युझेफ डीट्ल या डॉक्टरांनी जटावाल्यांची शिरगणती केली. तेवढ्यात अफवा उठली की जटांवर कर बसणार, आणि माणसं आपण होऊन कात्री शोधू लागली असं सांगतात. ज्ञानानं जे साधलं नाही ते करानं साधलं, हे वाचून बँकेतला माणूस म्हणून माझी छाती थोडी फुगली. आपल्याकडे 1989 साली नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, तिचे कार्यकर्ते हे काम करतात. पुण्याच्या नंदिनी जाधव तर पूर्वी ब्यूटी पार्लर चालवत. त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा समजूत घालून काढल्या आहेत. जट कातरायला मिनिटं लागतात, समजूत घालायला महिने, असं त्या कामातली माणसं सांगतात.

आमच्याकडे समजूत घालायला बायको बसली.

"आज्जी, जोतिबाचा गुलाल देवाचाच न्हवं?"

"व्हय तर."

"तो तुम्ही दर यात्रेला धुतासाच की. देव कधी रागावला?"

"न्हाई बा."

"मग एका देवाचं धुतलेलं चालतं आणि दुसऱ्याचं का चालत न्हाई?"

मला वाटलं, संपलं. हायकोर्टात टिकेल असा मुद्दा होता. पण आज्जी सुपातलं खोबरं निवडता निवडता म्हणाल्या, "गुलाल आपुन टाकतो वैनी. आपुन टाकलेलं आपुन धुवायचं. ह्ये आपुन कुठं केलंय? आपोआप आलंय. आपोआप येतं त्ये देवाचं."

मी मध्ये तोंड घातलं. "आज्जी, व्याजपण आपोआप येतं."

"त्ये तुमच्या बँकेच्या देवाचं, सायब. त्यो लई कडक."

मी गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आपोआप येतं ते देवाचं. गंज आपोआप येतो, भिंतीला ओल आपोआप येते, आमच्याकडे खातं नव्वद दिवस कुणी पाहिलं नाही की आपोआप थकीत होतं. यातलं काहीही आपोआप नसतं हो. कुणीतरी तीन आठवडे दुकान आणि आजारी पोर यांच्यात विभागलेलं असतं, कुणीतरी इचलकरंजीला रात्रपाळीत असतं, कुणाला पाणी तापवायला सवड नसते. पण हे म्हटलं की बोट आज्जीकडे जातं. देवाचं नाव घेतलं की कुणाकडेच जात नाही. त्या गोळ्याला देवीचा म्हणण्यात श्रद्धेपेक्षा ही सोय मोठी असावी, असं माझं मत झालं. आणि त्या म्हाताऱ्या बाईला ती सोय नाकारायचा हक्क, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मोटारसायकलवरून येणाऱ्या मला कुणी दिला, हेही कळेना.

मेव्हण्यानं तोडगा काढला. तो वकिलीला जायचा, चुकून एस.टी.त लागला. म्हणाला, "दाजी, सोपं आहे. रात्री पोरगी झोपली की कातरून टाकायची. सकाळी म्हणायचं, आपोआप गेली. आपोआप जातं तेही देवाचंच!"

खरं सांगतो, मला यात एकही तार्किक दोष सापडला नाही. आज्जींचाच कायदा, आज्जींचंच कलम. पोरगी सुटली, आज्जी सुटल्या, देवीची अब्रू राहिली. एका खोट्यात तिघांचा फायदा, असा व्यवहार आमच्या बँकेतही रोज होत नाही. बायकोला मात्र तो मान्य झाला नाही.

"आणि पुढच्या तापात पुन्हा गोळा झाला की?" ती भावाला म्हणाली. "तोही आपोआपच येणार. तेव्हा तू डोंगरावर असशील, का गाडी घेऊन सांगलीला?"

मेव्हण्यानं चहा संपवला. मला अजूनही वाटतं की त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. एका पोरीची मान मोकळी होत असेल तर एवढं खोटं मी पचवलं असतं. पण बायकोच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

एवढा वेळ डोकं कुणाचं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मला ते सुचलं त्याचं श्रेय रिझर्व्ह बँकेला. 2014 साली तिनं सगळ्या बँकांना मुभा दिली, की दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यावं. काउंटरवर मी पालकांना हे समजावून सांगतो. पैसे सांभाळायला अकरा वर्षांची अक्कल पुरते, मग स्वतःचं डोकं सांभाळायला पुरू नये? आम्ही पोरीला हाक मारली. बायकोनं विचारलं, "तुला काय पायजे गं?"

तिनं आधी आज्जीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला झोप लागत न्हाई. डोकं टेकलं की टोचतंय."

देवीबद्दल एक अक्षर नाही, शास्त्राबद्दल नाही. आज्जींचा खोबरं निवडणारा हात थांबला. बराच वेळानं त्या म्हणाल्या, "त्याल लावा. पाणी लावा. पर कातरी न्हाई."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, इतकं कंटाळवाणं होतं. वाटीभर कोमट खोबरेल त्या गोळ्यात जिरवून रात्रभर ठेवलं. सकाळी दोन रुपयांच्या कंडिशनरच्या पुड्या, अर्धा डझन. आधी बोटं, मग मोठ्या दातांची फणी. टोकाकडून सुरुवात, मुळाकडे सरकायचं, आणि दुसऱ्या हातानं वरचा केस घट्ट धरायचा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. केस तोच, मेलेला, घसारा लागलेला. पण त्याचं दुसरं टोक जिवंत पोरीच्या डोक्यात असतं. पहिल्या शनिवारी दोन तास, पुढच्या वेळी साडेतीन. गुलाबी पाणी वाहत होतं. डोंगरावर उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून मला विहिरीच्या हिशेबानं बादल्या मोजायला बसवलं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्या पदवीचा एवढा थेट उपयोग झाला नव्हता. तिसऱ्या शनिवारी आज्जी दुकान शेजारणीवर सोपवून आल्या आणि फणी त्यांनी स्वतः घेतली. तोंडानं पुटपुटत होत्या, ते कुठल्या देवाला होतं ते मी विचारलं नाही.

शेवटी सुपारीएवढी एक गाठ राहिली. ती काही केल्या सुटेना. आज्जींनी फणी खाली ठेवली. "तेवढी ऱ्हाऊ दे. तेवढी तिची."

थकीत कर्जात आम्ही याला एकरकमी तडजोड म्हणतो. बाकी सगळं वसूल झालं असेल तर शहाणा मॅनेजर इथं सही करतो. मी बायकोकडे पाहिलं. ती पोरीकडे पाहत होती. पोरगी आरशात दोन वेण्या पाहत होती. डाव्या वेणीची लाल रिबीन तिनं जरा मोठी बांधली आणि गाठ आत गेली.

"महिन्याला अर्धा इंच वाढतो म्हणालासा न्हवं, सायब?" आज्जींनी मला विचारलं.

"होय."

"मग ती गाठ खाली उतरत जाईल. वेणीच्या टोकाला आली, की मग बघू."

मी मनात हिशेब केला. साधारण अडीच वर्षं लागतील. पोरगी तेव्हा आठवीत असेल.