येणे आणि आलेले

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याने लिंबागणेशच्या बाजूला येताना बालाघाटाच्या माथ्यावर आता पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. ज्या माळाने पिढ्यान्‌पिढ्या कुसळ आणि सीताफळ याखेरीज फारसे काही दिले नाही, त्या माळावर शहरातील भांडवल येऊन उभे राहिले आहे. त्या पात्यांच्या मागे असलेले दंतचक्र, बेअरिंग, फोर्जिंग किंवा विद्युतजनित्र घडविणाऱ्या एखाद्या कारखान्याचे शेअर लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीच्या देवळासमोर बसलेल्या मुलाला हातातील फोनवरून दोन मिनिटांत विकत घेता येतात. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु सोय आणि समज या दोन गोष्टी एकाच वाटेने गावात येतातच असे नाही.

अलीकडच्या वर्षांत बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्या, आणि जास्त व्याजाच्या आशेने म्हाताऱ्यांनी ठेवलेली पुंजी परत मिळविण्यासाठी त्यांच्या मुलांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजविले. त्या अनुभवाने पोळलेली पिढी आता शेअरबाजाराकडे वळली आहे. तिला मोठ्या, नावाजलेल्या कंपन्या महाग वाटतात, आणि 'लहान आहे, उद्या मोठी होईल' या एका वाक्याचे तिला आकर्षण आहे. 'कोणती घेऊ?' असे कोणी विचारले, म्हणजे मला नेहमी असे वाटते, की ज्याच्या घरातच मापटे आहे तो शेजाऱ्याकडे माप मागावयास निघाला आहे. लहान अभियांत्रिकी कंपनीची परीक्षा करावयास जी मूलभूत दृष्टी लागते, ती या भागातील शेतकऱ्याला आणि ऊसतोड्याला पुस्तकावाचून लाभलेली आहे. फक्त शेताच्या बांधावर ती चालते आणि कंपनीच्या ताळेबंदासमोर आली की बुजते.

ती दृष्टी कोणती, हे उसाच्या उदाहरणाने सांगतो. ऊस तोडला, कारखान्याच्या काट्यावर वजन झाले, पावती हातात पडली; इतके झाल्यावर माल विकला गेला, हे निर्विवाद. परंतु त्या पावतीवर किराणा येत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्याप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे, न दिल्यास सालीना १५ टक्के व्याज द्यावयाचे. तरीही 'बिल निघाले का?' हा प्रश्न हंगामभर प्रत्येक पारावर ऐकू येतो. विक्री झाली आहे, किंमत ठरलेली आहे, आणि घरात पैसा नाही, ही अवस्था शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. हाच माणूस 'कंपनीचा नफा ४० टक्क्यांनी वाढला' असे वाचतो, तेव्हा हा नफा पावतीवरचा आहे की घरात आलेला, असे विचारण्याचे त्याला सुचत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. समजा, ती पंपांचे आणि मोटारगाड्यांचे सुटे भाग करते. गतवर्षी तिची विक्री ८० कोटींची होती, यंदा १०० कोटींची झाली, आणि नफा ८ कोटींचा दिसतो. येथवर सारे उत्तम. पण ताळेबंदात गिऱ्हाइकांकडील येणे २० कोटींवरून ३४ कोटींवर गेले आहे, गोदामातील माल १२ वरून १७ कोटींवर गेला आहे, आणि कंपनीने इतरांचे देणे लांबविल्यामुळे मिळालेली सवलत केवळ ३ कोटींनी वाढली आहे. म्हणजे १६ कोटी रुपये व्यवहारात गुंतून पडले. ८ कोटींच्या नफ्यात यंत्रांच्या घसाऱ्याचे ३ कोटी, जे प्रत्यक्ष कोणाला द्यावे लागले नाहीत, ते मिळविले तरी ११ च होतात. कंपनीने वर्षभर राबून नफा कमावला, आणि वर्षाअखेर तिच्या पेटीतून ५ कोटी रुपये गेले. ते कोठून आले? बँकेकडून, किंवा नव्या भागधारकांकडून. गिऱ्हाईक पूर्वी तीन महिन्यांनी पैसे देत होते, आता चार महिन्यांनी देते, हाच त्याचा मुख्य अर्थ. परंतु विक्री आणि नफा यांच्या ओळींत तो कोठेही लिहिलेला नसतो.

महसूल खात्याची पैसेवारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे एका शब्दात कळावे. प्रथम नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यानंतर अंतिम. पिकाचा हिरवेपणा पाहून केलेला अंदाज आणि दाण्यांचे वजन यांत किती अंतर पडू शकते, हे पन्नास पैशांच्या आतबाहेर ज्यांचे दुष्काळी साहाय्य अडकते त्या गावांना चांगले ठाऊक आहे. कंपनीचा जाहीर नफा हा नजरअंदाजाच्या जातीचा आकडा आहे. तो खोटाच असतो असे नव्हे. परंतु त्यात व्यवस्थापनाचे मत मिसळलेले असते. किती काम पुरे झाले मानावे, कोणते येणे बुडीत धरावे, यंत्राचे आयुष्य किती वर्षांचे समजावे, हे सारे मताचे प्रश्न आहेत. रोख किती आली, याविषयी मतभेदाला त्या मानाने वाव थोडा.

थोडा म्हणतो, मुळीच नाही असे म्हणत नाही. आणि येथेही बीडच्या माणसाची दृष्टी कामास येते. मुकादमाकडून उचल घेऊन जो कुटुंबासह कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊस तोडावयास जातो, त्याच्या हातात दसऱ्याच्या सुमारास रोख रक्कम असते. परंतु ती आपली कमाई आहे असे तो कधीही मानीत नाही, कारण उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. यंत्रसामग्री करून देणाऱ्या कंपन्यांनाही गिऱ्हाइकाकडून अशी उचल मिळते. मोठी मागणी आली, तिच्या बरोबर आगाऊ रक्कम आली, की त्या वर्षी रोखीचे पत्रक तेजस्वी दिसते आणि पुढील दोन वर्षे ते काळवंडते. म्हणून एका वर्षाच्या रोखीवरून निर्णय करू नये. पाच किंवा सात वर्षांचा नफा एकीकडे मिळवावा, तेवढ्याच वर्षांची धंद्यातून आलेली रोख दुसरीकडे मिळवावी, आणि दोन बेरजा शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या कंपनीत दुसरी बेरीज पहिलीच्या आसपासही येत नाही, तिच्या वाढीचे कौतुक मला यत्किंचितही वाटत नाही.

मागणीपुस्तकाविषयी, ज्याला बाजारात 'ऑर्डर बुक' म्हणतात, थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण नवख्या गुंतवणूकदाराला सर्वांत अधिक भुरळ त्याचीच पडते. 'विक्रीच्या तिप्पट मागण्या हाती' असे छापून आले, की पुढील तीन वर्षांची चिंता मिटली असे त्याला वाटते. पण मंजूर काम प्रत्यक्ष व्हावयास किती काळ लागतो, ते पाहा. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मंजूर झाला, आणि अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल त्या गाडीत आपल्या मुलांना घेऊन बसले असेल. या काळात भूसंपादन अडले, निधी अडला, दर बदलले. अशा कामांत पूल, गर्डर किंवा सिग्नलची सामग्री पुरविणाऱ्या लहान कंपनीची मागणी कागदावर जिवंत असते आणि कारखान्यात मेलेली असते. शिवाय काम पुरे झाले तरी बिलाचा काही हिस्सा हमीची मुदत संपेपर्यंत अनामत म्हणून अडकून राहतो, आणि कंपनीच्या वतीने बँकेने दिलेली हमी ताळेबंदाच्या मुख्य पानावर न येता शेवटच्या टिपांत, संभाव्य दायित्वांच्या यादीत, मुकाट्याने उभी असते. मी वार्षिक अहवाल तेथून वाचावयास सुरुवात करतो. अध्यक्षांचे मनोगत शेवटी वाचले तरी चालते. न वाचले तरी फारसे बिघडत नाही.

लहान कंपनीची कुचंबणा तिच्या जागेतच आहे. वाळूज, चिकलठाणा, भोसरी किंवा चाकण येथील सुटे भाग करणाऱ्याच्या एका बाजूला पोलाद विकणारा असतो, ज्याला रोख हवी. दुसऱ्या बाजूला मोठा गाडी-कारखाना असतो, जो साठ किंवा नव्वद दिवसांनी पैसे देतो, आणि पोलाद स्वस्त झाले की दर उतरविण्याचे पत्र मात्र तत्परतेने पाठवितो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने लहान पुरवठादारांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावयास सांगितले. ते पुरेसे झाले नाही म्हणून २०२३ साली आयकर कायद्यात दुरुस्ती करून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरू दिली जाणार नाही, असे ठरवावे लागले. एकाच रोगावर दोनदा औषध द्यावे लागले, यावरून रोगाचा जुनाटपणा कळावा. म्हणून कंपनीच्या मालाला पर्याय किती, एकाच गिऱ्हाइकाकडे किती विक्री जाते, आणि कच्चा माल महागला तर वाढलेला खर्च ती किमतीत चढवू शकते की नाही, हे प्रश्न वस्तुतः येण्याच्याच प्रश्नाची दुसरी रूपे आहेत. ज्याच्यावाचून गिऱ्हाइकाचे अडते, त्याचे बिल लवकर निघते.

येण्याला वेळ लागतो. देण्याची तारीख मात्र ठरलेली असते. १९९५ साली स्थापन झालेली, पुण्यात मुख्यालय असलेली सुझलॉन ही लहान कंपनी नव्हे, तथापि आमच्या माळावरील पात्यांकडे पाहताना तिची आठवण टाळता येत नाही. २००५ मध्ये ५१० रुपयांना तिचा शेअर लोकांपुढे आला आणि त्यावर उड्या पडल्या. २००७ मध्ये तिने जर्मनीतील रिपॉवर ही कंपनी घेतली, कर्जाचा भार वाढला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय चलनातील रोख्यांचे पैसे तिला वेळेवर फेडता आले नाहीत. मधल्या काळात एका शेअरचे पाच झाले होते, म्हणजे मूळची किंमत १०२ रुपये धरावयाची. २०२० च्या मार्चमध्ये तो शेअर दोन रुपयांच्या आसपास आला होता. पुढे कर्ज उतरले तेव्हा तो पुन्हा चढला, हेही सांगितले पाहिजे. या साऱ्या काळात वारा होता, पाती फिरत होती, विजेची गरज वाढतच होती. धंद्याचे भविष्य खरे ठरले, आणि त्याच भविष्यावर विश्वासून आरंभी आलेले भागधारक बुडाले.

रोखीच्या या कसोटीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो मी स्वतःच घेतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीत नव्हते आणि नांगर विकले जाईनात. आमच्या कसोटीने त्या वेळी त्यांचा ताळेबंद तपासला असता, तर न खपलेल्या मालाच्या ओळीवर बोट ठेवून आपण पाठ फिरविली असती, आणि महाराष्ट्रातील एका महान उद्योगाला मुकलो असतो. हे खरे आहे. परंतु त्या काळी ज्यांनी त्यांना आधार दिला, ते त्या माणसाला ओळखत होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, ती अशा प्रत्यक्ष परिचयाच्या बळावर. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी १९२० साली झाली. तोवर नांगराने आपली लायकी शेतात सिद्ध केली होती. फोनवरून शेअर घेणाऱ्याला माणूस दिसत नाही, माळ दिसत नाही, नांगरही दिसत नाही. त्याला केवळ आकडे दिसतात, आणि म्हणून आकड्यांशी कठोर राहण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. या कठोरपणात एखादा लक्ष्मणराव हातून निसटेल. तो निसटू द्यावा.

कारण उलट बाजूची चूक फार महाग पडते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा मुंबईत बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या घरात गेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कागद उरले. आपण शहाणे झालो असे कोणी म्हणू नये. लहान उद्योगांसाठी २०१२ साली स्वतंत्र बाजारमंच निघाले, आणि त्यांपैकी एकावर ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतील एका दुचाकी-विक्रेत्याने सुमारे १२ कोटी रुपये मागितले, तेव्हा लोकांनी सुमारे ४,८०० कोटींचे अर्ज केले. त्याची दोन दुकाने होती आणि आठ नोकर होते.

मालकाच्या सचोटीविषयी लांबण लावीत नाही. त्याने आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, भावाच्या किंवा मुलाच्या कंपनीला उसनवारी दिली आहे का, लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला आहे का, हे तीन प्रश्न दस्तऐवजांतून पाच मिनिटांत सुटतात. एकाचेही उत्तर संशयास्पद आले, तर पुढचे गणित करू नये.

उरला भाव. चांगली गायही दुप्पट किमतीला घेतली, तर दुधाने ती किंमत भरून निघत नाही, हे बाजार करणाऱ्याला सांगावयास नको. मात्र लहान शेअरात एक निराळी अडचण आहे: पडत्या काळात त्याला गिऱ्हाईकच नसते. भाव रोज ठरावीक टक्क्यांनी उतरतो, विकणाऱ्यांची रांग लागते, आणि घेणारा कोणी फिरकत नाही. १९७२ च्या दुष्काळात गुरांच्या बाजारांत काय झाले, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांनी ते चित्र डोळ्यांपुढे आणावे. वर्षाच्या आत ज्याची गरज पडेल, मग ती बियाण्यासाठी असो, लग्नासाठी असो वा दवाखान्यासाठी असो, असा एकही रुपया येथे आणू नये.

आपल्याकडील बहुतेक कंपन्यांचे हिशेबवर्ष ३१ मार्चला संपते, आणि बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना लेखापरीक्षित आकडे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत जाहीर करावे लागतात. त्या सुमारास आमच्याकडे तोडीला गेलेली माणसे परतलेली असतात आणि मृगाच्या पेरणीला अवकाश असतो. पाच वर्षांच्या दोन बेरजा करावयास एक दुपार पुरते.