जे अँडी ग्रोव्ह होत नाहीत, त्यांची फी

न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये एकाच बाकावर बसून थर्मोडायनॅमिक्स शिकणाऱ्या दोघांची फी वेगवेगळी असू शकते. राज्याचा रहिवासी ठरलेल्या मुलाला वर्षाला साधारण सात हजार डॉलर. बाहेरचा ठरलेल्याला, ३० क्रेडिट्स घेतले तर, साडेअठरा हजारांच्या आसपास. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पेपरही तोच. फरक फॉर्ममधल्या एका रकान्याचा.

घरी पैसे असतील तर हा रकाना फक्त चिडचिड करायला लावतो. पण आई हॉटेलात भांडी घासते, वडील डिलिव्हरी करतात आणि कुटुंब दुसऱ्या देशातून आलेलं आहे, अशा मुलासाठी इंजिनिअरिंग करायचं की नाही हे तो रकानाच ठरवतो. कागदपत्रं नसतील तर अमेरिकी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती नाही आणि शैक्षणिक कर्जही नाही. मग उरतं काय, तर स्वस्त सरकारी कॉलेज आणि तिथला स्थानिक दर.

हा दर अशा मुलाला का मिळावा? या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर एका गोष्टीच्या रूपात येतं. गोष्ट खरी आहे आणि आपल्या क्षेत्रातल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी ऐकलेली असते.

१९३६ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू घरात आंद्रास ग्रोफ नावाचा मुलगा जन्मला. लहानपणीच्या आजारात त्याची श्रवणशक्ती बरीच गेली. नाझींच्या काळातून तो वाचला. १९५६ चा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर तो सीमा ओलांडून पळाला आणि १९५७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोचला. खिशात जवळजवळ काही नाही, इंग्रजी मोडकंतोडकं. सिटी कॉलेज तेव्हा फुकट होतं. तिथून १९६० मध्ये तो केमिकल इंजिनिअर झाला, पुढे बर्कलीला पीएचडी केली. हाच अँडी ग्रोव्ह. इंटेल सुरू झाली तेव्हापासून तो तिथे होता आणि पुढे त्याने ती कंपनी चालवली. २००५ मध्ये त्याने सिटी कॉलेजला २ कोटी ६० लाख डॉलर दिले. आज तिथल्या इंजिनिअरिंग स्कूलला त्याचं नाव आहे.

गोष्ट ऐकून छाती भरून येते. सांगणारा शेवटी म्हणतो, 'बघा, एका निर्वासित मुलाला फुकट शिकवलं आणि जगाला काय मिळालं!' माझा प्रश्न या शेवटच्या वाक्याला आहे.

ग्रोव्हच्या वर्गात आणखीही मुलं होती. त्यातली कितीतरी स्थलांतरितांची असणार. सिटी कॉलेजची ख्यातीच ती होती. ती इंटेलचे प्रमुख झाली नाहीत. कुणी महापालिकेत पाण्याच्या पाइपलाइनी बघितल्या असतील, कुणी कारखान्यात शिफ्ट सांभाळली असेल, कुणी जेमतेम पास होऊन भलत्याच नोकरीला लागलं असेल. त्यांच्यावरचा खर्च वाया गेला का? ग्रोव्हने फेडलं म्हणून त्यांना माफ, असं आहे का?

गुंतवणुकीच्या भाषेत उत्तर द्यायला गेलं की आपण इथे अडकतो. 'या मुलांवर खर्च करा, त्यातून उद्याचे शास्त्रज्ञ निघतील' हे वाक्य ऐकायला उदार आहे, पण त्यात एक अट लपलेली आहे. तुला इथे जागा आहे, फक्त तू असामान्य निघ.

ही अट सगळ्यांना लागू होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या डॉक्टरच्या मुलाला पहिल्या वर्षी कॅल्क्युलसमध्ये 'सी' मिळाला तर तो ट्यूशन लावतो, विषय परत घेतो, शाखा बदलतो. सरासरी असायची चैन त्याला परवडते. दुकानात आठवड्याला २५ तास काम करून त्याच पेपरला बसलेल्या स्थलांतरित मुलीला तोच 'सी' मिळाला तर शिष्यवृत्ती धोक्यात येते. त्याच्यासाठी तो नुसता ग्रेड असतो. तिची मात्र तिथे असण्याची लायकीच त्यावरून मोजली जाते.

सॉफ्टवेअरमध्ये पाच-सहा वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कुठलीही मोठी सिस्टीम असामान्य लोकांच्या जिवावर चालत नाही. रात्री दोनला सर्व्हर पडतो तेव्हा लॉग वाचून तो उभा करणारा माणूस बहुधा साधा, चिकाटीचा इंजिनिअर असतो. त्याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही. शहरही अशाच माणसांवर चालतं. मग शहराचं कॉलेज फक्त हिऱ्यांच्या शोधात का असावं?

दुसरं उत्तर निरागसतेचं आहे. 'मुलांची काय चूक? आईबापांनी आणलं.' याला कायद्याचाही आधार आहे. १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत फुकट शिकण्यापासून अडवता येणार नाही. आईबापांच्या वागण्याची शिक्षा मुलांना नको, हा त्यातला एक प्रमुख धागा होता. निकालाने लाखो मुलांचं भलं झालं. पण तो शाळेपुरता होता. बारावी झाली की संरक्षण संपलं. शिवाय या युक्तिवादात एक काटा आहे. मुलाला निर्दोष ठरवायचं तर आईबापाला दोषी ठरवावं लागतं. ज्या आईने भांडी घासून शिकवलं, तिलाच गुन्हेगार म्हणून बाजूला करून मुलीने आपली फी कमी करून घ्यायची.

हुशारी आणि निरागसता, दोन्ही वाटांनी गेलं तरी विद्यार्थी याचकच राहतो. तिसरी वाट आहे, आणि मला तीच बरोबर वाटते. राजकीय तत्त्वज्ञ जोसेफ कॅरेन्स यांनी 'द एथिक्स ऑफ इमिग्रेशन' या पुस्तकात ती मांडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस एखाद्या समाजाचा होतो तो तिथे राहून. वर्षं जातात, शाळा होते, मैत्री होते, भाषा तोंडात बसते आणि हक्क तयार होत जातो. कागद नंतर येतो, कधी येतच नाही. पण राहणं घडून गेलेलं असतं.

यावरचा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. सरकारी कॉलेज करदात्यांच्या पैशावर चालतं, जागा मोजक्या असतात, मग आधी आपल्या मुलांचं बघायला नको का? बघायला हवंच. म्हणूनच राहण्याची अट मला अन्यायाची वाटत नाही. पुण्याहून एमएस करायला काल उतरलेल्या मुलाने स्थानिक दर मागू नये, कारण तो तिथे वाढलेला नाही. पण जी मुलगी तिथल्याच शाळेत शिकली, ती 'आपल्या मुलांमध्ये' का नाही? आणि जागेचं म्हणाल तर प्रवेश गुणांवर झालेला असतो. जास्तीची फी बाहेरच्यांना अडवत नाही. श्रीमंत बाहेरचा ती भरून आत येतो. अडतो तो गरीब. 'बाहेरचा' या शब्दाच्या आडून प्रत्यक्षात गाळणी गरिबीची लागते.

गाळणी कधी लागते, हेही बघण्यासारखं आहे. १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांनी कौल देऊन हे कॉलेज उभं केलं आणि शतकाहून जास्त काळ ते फुकट राहिलं. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर १९७० मध्ये प्रवेश खुला झाला आणि काळी व प्युर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली. १९७६ मध्ये, शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, फी सुरू झाली. पैशाची अडचण खरी होती. तरीही सव्वाशे वर्षं परवडलेली गोष्ट, आत येणाऱ्यांचे चेहरे बदलल्यावर काही वर्षांतच परवडेनाशी झाली, हेही खरं आहे.

राहण्याचा हक्क कायद्यात बसवता येतो, हे काही राज्यांनी दाखवून दिलं. २००१ मध्ये टेक्सास आणि कॅलिफोर्नियाने ठरवलं की राज्यातल्या शाळेत ठराविक वर्षं शिकून पास झालेल्याला स्थानिक दर मिळेल, मग कागदपत्रं असोत वा नसोत. टेक्सासच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन होते. २४ वर्षं तो चालला. जून २०२५ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने त्याविरुद्ध खटला भरला, टेक्सास सरकारने त्याच दिवशी हात वर केले आणि कोर्टाने कायदा रोखला. पहिलीपासून टेक्सासमध्ये शिकलेली मुलगी इंजिनिअरिंगच्या मध्यावर असताना बाहेरची झाली. ती कुठूनही आली नव्हती आणि कुठेही गेली नव्हती.

हा प्रश्न मराठी घरांपासूनही लांब नाही. एच-१बी व्हिसावर गेलेल्यांची मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिकडे जातात आणि ग्रीन कार्डच्या रांगेत २१ वर्षांची होतात. त्या वाढदिवशी पालकांच्या व्हिसावर राहण्याचा हक्क संपतो. आपल्याच गावात ती परदेशी विद्यार्थी होतात. त्यांच्या पालकांकडे निदान पगार आणि वकील असतो.

आणि इकडे? कॅप राउंडचा फॉर्म भरलेल्या प्रत्येकाला 'डोमिसाइल' हा शब्द माहीत आहे. त्यासाठी साधारण १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. ज्याच्या नावावर घर आहे त्याला ते एका फायलीत सापडतात. पण हिंजवडीतले टॉवर बांधायला आलेल्या मजुराचं कुटुंब एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जातं, भाडेकरार नसतो, लाइटबिल दुसऱ्याच्या नावावर असतं. त्याची मुलगी मराठी शाळेत शिकली, शिवजयंतीला भाषणं केली, तरी ती इथे राहिली हे सिद्ध करणं तिलाच सगळ्यात अवघड जातं. ती तर या देशाची नागरिक आहे. म्हणजे राहण्याची अट रास्त असली तरी राहण्याचा पुरावा कोणाकडे असतो, हा प्रश्न उरतोच. शाळेचा दाखला हा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा आहे, कारण तिथे मूल खरोखर रोज जाऊन बसलेलं असतं.

ग्रोव्हची गोष्ट सांगू नये असं मी म्हणत नाही. पण १९५७ मध्ये सिटी कॉलेजला त्याच्यातला इंटेलचा प्रमुख दिसत नव्हता. दिसत होता तो शहरात राहायला आलेला, अभ्यास झेपणारा एक कमी ऐकू येणारा मुलगा. तेवढं पुरेसं मानलं गेलं. कॉलेजचा मोठेपणा मला त्या 'पुरेसं'मध्ये दिसतो. २ कोटी ६० लाख डॉलर फार नंतर आले, आणि ते आले नसते तरी निर्णय बरोबरच होता.