कारण तर आहेच, तरीही

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा एकच वाक्य येते: ‘अहो, एवढं सगळं झाल्यावर कुणालाही असंच होईल.’ नवरा गेला, नोकरी सुटली, मुलगी माहेरी परत आली, सोयाबीन हाती लागलं नाही. कारण समोर दिसले की घरचे निर्धास्त होतात. मला हाच निर्धास्तपणा सर्वांत धोक्याचा वाटतो. खड्ड्यात पडून हात मोडला तर खड्ड्याला दोष देत आपण घरी बसत नाही, प्लास्टर घालतोच. दुःखाला सबळ कारण आहे आणि त्याचा आजारही झाला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

विदर्भाबद्दल बोलताना आपण कर्ज, पाऊस, भाव यांवर बोलतो आणि ते बोलायलाच हवे. पण त्याच घरात नैराश्यही असते, त्यावर उपचार होऊ शकतात, हे मागे पडते. ‘संगाथ’ ही गोव्यातली संस्था आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे पोचवत. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक कुणाची मदत घेत होते. सुमारे दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. पण कर्जमुक्तीची वाट न पाहताही माणसाला आधार देता येतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

मग जायचे केव्हा? नैराश्य तपासताना नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, उदासी, कशातच रस नसणे, स्वतःविषयीचे वाईट विचार असे त्यात विचारतात. शेवटी आणखी एक प्रश्न असतो: या सगळ्यामुळे काम करणे, घर सांभाळणे, माणसांशी वागणे किती अवघड झाले? मला तोच प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्याचे उत्तर घरात दिसते. कुकर लावायला गेलेली बाई तांदळाचा डबा उघडून तशीच उभी राहते. दोन वाट्या की तीन, एवढेही ठरत नाही. ती रडत नसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटे साडेतीनला तिला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. असे दोन आठवडे चालले तर कारण शोधत बसू नये, डॉक्टरची वेळ घ्यावी.

चिंतेच्या आजारात मात्र माणसाने काय काय सोडून दिले ते पाहावे. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, जीव घाबरा होणे. ईसीजी काढला तर नॉर्मल. मग हळूहळू गर्दीची लोकल सुटते, लग्नकार्ये सुटतात, एकट्याने बँकेत जाणेही सुटते. घरचे त्याला ‘स्वभाव’ म्हणू लागतात.

‘अजून तेवढं नाही’ हा निर्णय आपण आजारी माणसावर सोपवतो, हे मला अन्यायाचे वाटते. नैराश्य त्याला आतून हेच पटवत असते की हा आपलाच आळस आहे, कुणाचा वेळ कशाला घ्या, उपयोग काहीच होणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. सोय नाही, पैसा नाही, हे खरेच. पण त्यातल्या कितीतरी जणांना आपण अजून ‘तेवढे’ आजारी नाही असे वाटत असणार.

प्रत्येक दुःखावर गोळी द्यायची का, हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आई गेल्यावर माणूस महिनोन् महिने हळवा राहतो. तो आजार नव्हे. पण तपासणीला जाणे म्हणजे गोळी घेणे नव्हे. थायरॉईड बिघडले तरी असाच थकवा, अशीच उदासी येते. ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना बरे वाटायला मदत केल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आणि औषध लागलेच तर त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ते आपल्या मनाने बंद करू नये.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र दोन आठवड्यांचा हिशेब नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचे. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही नावे आपण थट्टेत घेतो, पण तिथल्या मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही आहेत. तिथे तपासून, औषध घेऊन माणूस घरी येतो.

पहिल्या भेटीला घरच्या कुणी तरी सोबत जावे. झोप कधीपासून गेली, जेवण किती कमी झाले, काय बंद पडले, हे त्याने डॉक्टरांना सांगावे, कारण रुग्णाला ते आठवतेच असे नाही. आणि मग थोडा वेळ बाहेर बाकावर जाऊन बसावे. काही गोष्टी नवऱ्यासमोर, आईसमोर तोंडातून निघत नाहीत.