पहिला हप्ता

2024 च्या पावसाळ्यात बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका माणसाची झोप उडाली. हा मूळचा गडहिंग्लजकडचा, व्हीएमसी या धातू कापणाऱ्या मशीनवर सेटर. रात्री जेमतेम दोन-अडीच तास डोळा लागायचा, तरी पहिल्या पाळीला गेटवर सगळ्यांच्या आधी हजर. बायको हेब्बगोडीच्या बाजूला कपड्याच्या कारखान्यात शिलाईला होती. तिला आधी बरंच वाटलं. नवरा हसतोय, बोलतोय, घरी येताना मिठाई आणतोय. जिगणीला स्वतःचं जॉबवर्क काढायचं, दोन वर्षांत घर घ्यायचं, असं तो इतक्या भरभरून सांगायचा की म्हाताऱ्या आईने गावाकडच्या देवाला नारळसुद्धा बोलून टाकला.

महिन्याभरात तो मॅनेजरच्या खुर्चीत जाऊन बसला आणि उठेना. सोबतच्या कामगारांनी त्याला कसंबसं समजावून रिक्षात घालून घरी पाठवलं, आणि घरच्यांनी त्याला निम्हान्स या मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. उन्मादाच्या दिवसांत माणूस बेसुमार खर्च करतो, मोठमोठे बेत आखतो, हा या आजाराचाच भाग असतो, हेही सांगितलं. पण वॉर्डाबाहेर रडत उभ्या असलेल्या बाईच्या कानावर पडलेल्या दहा वाक्यांतलं हे एक. ते तिला कळलं तेव्हा नवऱ्याचा मोबाईल तिच्या हातात होता आणि तो सारखा वाजत होता.

बँकेचं पर्सनल लोन दोन लाख. क्रेडिट कार्डावर सत्तर हजार. मोबाईलवरच्या तीन कर्ज-अॅपांचे मिळून पंच्याऐंशी हजार. तिचे दागिने तारण ठेवून उचललेले एक लाख दहा हजार. दागिने कपाटात नाहीत, हेही तिला तेव्हाच कळलं. कामावरच्या मित्रांकडून हातउसने पंचावन्न हजार. सगळे मिळून पाच लाख वीस हजार, आणि घरात दोघांचा पगार धरून महिन्याला येणारे बत्तीस हजार. पैसे गेले कुठे, तर अडीच लाख जुन्या मशीनच्या विसाराला पीण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे, काही गाळ्याच्या अनामतीला. उरलेल्याचा हिशेब त्याला स्वतःलाही देता आला नाही.

बोम्मसंद्रात आजारपण काही नवीन नाही. डॉ. देवी शेट्टींचं नारायण हृदयालय याच वसाहतीत आहे, आणि काळजाच्या शस्त्रक्रियेसाठी देशभरातून माणसं तिथे येतात. या सेटरच्याच कारखान्यात एका ऑपरेटरच्या वडिलांची बायपास झाली तेव्हा मदतीचा डबा फिरला होता, आणि यानेही त्यात हजार रुपये टाकले होते. याच्या वेळी मात्र घरच्यांनी कामावर 'टायफॉईड' कळवलं. गावी तर काहीच नाही. मनाच्या आजाराबद्दल मराठी घरांत थोडंफार बोलणं सुरू झालंय. 2004 साली 'देवराई' हा सिनेमा आला तेव्हापासून स्किझोफ्रेनिया हा शब्द तरी आपल्या ओळखीचा झाला. कर्जाबद्दल तर आपण पारावर बसूनही बोलतो. पण दोन्ही एकाच घरात शिरली की त्या घराचं तोंड शिवलं जातं, असं मी पाहिलंय. आजार सांगावा तर कर्ज देणारे बिथरतील, कर्ज सांगावं तर आजाऱ्यावर बोट येईल, ही भीती असते. मग मदत करू शकणाऱ्या माणसाला अर्धीच गोष्ट कळते, आणि अर्ध्या गोष्टीवर कुणाला काही करता येत नाही.

तो घरी आला तो शरमेने वाकून. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. "माझ्यामुळं झालं सगळं," एवढंच बोलायचा. कर्जाचा विषय त्याच्यासमोर काढायचा नाही असं सासू-सुनेने ठरवलं, आणि तिने एकटीने तो गाडा ओढायला घेतला. जो जास्त ओरडेल त्याचे पैसे आधी, असा तिचा क्रम आपोआप पडला. अॅपवाले सर्वांत जास्त ओरडत. त्यांनी त्याच्या मोबाईलमधले नंबर उचलून गडहिंग्लजला मामांपर्यंत फोन केले होते. त्यामुळे पगार हातात आला की आधी त्यांची तोंडं बंद व्हायची. सोनेतारणाचं व्याज थकत गेलं. मित्र बिचारे फोनच करत नव्हते, म्हणून त्यांना काहीच मिळत नव्हतं.

डिसेंबरमध्ये, तो पुन्हा कामावर जाऊ लागल्यावर, निम्हान्सची तारीख आली. त्यासाठी दोघांचाही एक दिवस मोडणार होता, त्याचा पगार कापला जाणार होता, तिचा हजेरी बोनस बुडणार होता. बँकेचा हप्ता तर दोनच दिवसांवर आलेला. ती म्हणाली, "अहो, पुढच्या महिन्यात जाऊया का? आता बरं आहे की तुम्हाला." तो लगेच हो म्हणाला. घरात आपल्या आजारावर आता पैसा खर्च होऊ नये, हे त्याच्याही मनात होतंच. गोळ्या संपत आल्यावर तो दोनऐवजी एक घेऊ लागला, पुरवून पुरवून. चिठ्ठी जुनी झाल्यामुळे औषधवाला नवीन देईना. त्या गोळ्यांतल्या लिथियमची पातळी रक्त तपासून बघावी लागते, डोस मनाने कमी-जास्त करायचा नसतो, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने बायकोला सांगितलं नाही.

जानेवारीत एका पहाटे तीन वाजता आईला जाग आली. मुलगा घरातल्या सगळ्या चपला-बूट ओळीने मांडून पॉलिश करत बसला होता आणि गुणगुणत होता. सून रात्रपाळीच्या ओव्हरटाइमला गेलेली. निम्हान्सच्या वॉर्डात भिंतीवर बघितलेला नंबर म्हातारीने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता, 14416. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलता येतं. कन्नड-हिंदीपुढे गप्प राहणाऱ्या त्या बाईने त्या पहाटे पलीकडच्या माणसाला सगळं सांगितलं. सकाळी तिघंही निम्हान्सच्या तातडीच्या विभागात होती. तोवर एका नव्या अॅपवरून त्याने साठ हजार उचललेले होते.

या वेळी वॉर्डातल्या समाजसेविका बाईंनी त्यांना बसवून घेतलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारलं, "घरावर कर्ज किती आहे?" सुनेला रडू फुटलं. आकडे सांगून झाल्यावर बाईंनी एक कोरा कागद घेतला. एका बाजूला हप्त्यांच्या तारखा लिहायला लावल्या, दुसऱ्या बाजूला औषधाच्या आणि तपासणीच्या. डिसेंबरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. एक दिवसाची हजेरी वाचवायला गेलो आणि साठ हजारांचं नवीन कर्ज, वर पुन्हा महिनाभराचं आजारपण. तिला कुणी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

बाईंनी मग विचारलं, "ईएसआय कापतात ना?" कापत होते. एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातून दवाखाना मिळतो, हेही. आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के भत्ता वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळतो, हे फार थोड्यांना माहीत. आणि दीर्घ आजारांच्या यादीत कर्करोग, क्षयाच्या बरोबरीने गंभीर मानसिक आजारही आहेत, त्यांना ऐंशी टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो, हे तर मला वाटतं त्या वसाहतीतल्या शंभर गेटांवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं पाहिजे. त्याला सलग नोकरीची अट असते, ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याची नोकरी सहा वर्षांची होती. पण घरच्यांनी 'टायफॉईड' सांगितल्यामुळे पहिल्या आजारपणाचे सगळे दिवस बिनपगारी गेले होते. लपवण्याची किंमत अशी रुपयांत मोजता येते, हे त्यांना तेव्हा दिसलं.

तो सावरला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला होता. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद असलेला. तो नोंदणी नसलेल्या सावकारांसाठी. नोंदणी असलेल्या बँका आणि वित्तसंस्थांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेतच. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही. आणि कंपनीने तक्रार ऐकली नाही तर महिन्याभराने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हे सगळं आनेकलच्या तालुका विधी सेवा समितीतल्या वकिलांनी समजावून सांगितलं. बाईमाणसाला तिथे सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

वकिलांनी आणखी एक वाट दाखवली. 1872 च्या करार कायद्यात असं आहे की करार करताना ज्याला त्याचा अर्थ कळत नव्हता, आपलं भलंबुरं तोलता येत नव्हतं, त्याचा करार टिकत नाही. सिद्ध मात्र आपल्यालाच करावं लागतं. ते ऐकून बायकोचा चेहरा उजळला. तो मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मशीनवाल्याला विचारूया. त्यानं मशीन दिलेलं नाही, त्याचं नुकसान नाही. बँकेशी मुदतीचं बोलूया. पण कामावरच्या पोरांचे पंचावन्न हजार असे बुडवायचे नाहीत. मी शुद्धीत नव्हतो, पण ती शुद्धीत होती आणि माझ्यावर विश्वास टाकून बसली होती." आजारी माणसाला व्यवहारातून बाजूला काढलं की असा निवाडा आपण गमावून बसतो. इतके महिने त्याच्याशिवाय त्याच्याच कर्जाचा विचार चालला होता.

त्या रविवारी तिघं कागद पसरून बसली. हिशेब त्याने लिहिला. वरती घरभाडं आणि धान्य. त्यालाच लागून औषध, रक्ततपासणी, निम्हान्सला जायचं भाडं आणि त्या दिवसाचा बुडणारा पगार, हे सगळं एकत्र धरून दर महिन्याला बाजूला काढायची रक्कम. त्या ओळीपुढे त्याने लिहिलं, 'पहिला हप्ता'. खाली सोनेतारण, कारण थकलं तर दागिन्यांचा लिलाव होतो. मग कार्ड, ज्याचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. मग अॅपं, त्यांतल्या एकामागे कुठल्याच नोंदणीकृत संस्थेचं नाव निघालं नाही, त्याची तक्रार पोलिसांत. बँकेने मुदत वाढवून दिली आणि पाच तारखेचा हप्ता दहावर नेला, कारण पगार सातला होत होता आणि दर महिन्याला हप्ता परत जाऊन वर दंड पडत होता. मित्रांना महिन्याला दोन हजार, आळीपाळीने, न चुकता. प्रत्येकाला त्याने स्वतः जाऊन आजाराचं नाव सांगितलं. एकाने ऐकून घेतलं आणि पुन्हा बोलला नाही. दुसरा म्हणाला, "माझ्या बहिणीला तेच आहे." मशीनवाल्याने दवाखान्याचे कागद बघून अडीच लाखांतले दीड लाख परत केले.

मग त्याने दुसरा कागद लिहिला. मशीनच्या कापणाऱ्या टोकाचा, इन्सर्टचा दाखला देत म्हणाला, "इन्सर्ट तुटेपर्यंत आम्ही थांबत नाही. इतके नग झाले की चांगला दिसत असला तरी बदलतो. तुटला तर जॉब जातो." आपली लक्षणं त्याने स्वतः लिहिली. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप. रात्री जुन्या मित्रांना फोन. मशीनचे भाव बघत बसणं. आईवर आवाज चढवणं. यांतलं काहीही दोन दिवस दिसलं तर बायकोने डॉक्टरांना कळवायचं, मी नको म्हणालो तरी, असं लिहून खाली सही केली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपला प्रतिनिधी नेमता येतो. तिथे त्याने बायकोचं नाव घातलं. कार्ड बंद केलं. पगारातली मोठी रक्कम दोघांच्याही सह्या लागणाऱ्या खात्यात जाईल अशी सोय केली. यूपीआयची मर्यादा खाली आणली.

बायकोने विचारलं, "तुमच्या हातात किती ठेवायचे?"

"तीन हजार. आणि त्याचा हिशेब मला कुणी विचारायचा नाही."

आई काहीतरी बोलायला गेली. सुनेने तिच्या हातावर हात ठेवला. "आत्या, बरोबर आहे त्यांचं."

ऑगस्ट 2025 मध्ये पिवळी मेट्रो सुरू झाली. बोम्मसंद्राहून बसायचं, जयदेव हॉस्पिटलला उतरायचं, पुढे निम्हान्सपर्यंत रिक्षा. आता तारखेला दोघांनी जायचं काम उरलं नाही, बऱ्याचदा तो एकटाच जातो. कर्ज अजून आहे. तीन लाखांच्या खाली आलंय. मधल्या एका महिन्यात आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ओढाताण झाली, तेव्हा बँकेचा हप्ता चुकला आणि दंड भरला. पहिल्या ओळीतल्या पैशांना कुणी हात लावला नाही.

जॉबवर्कचा गाळा अजून त्याच्या मनात आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. उन्मादात सुचलेलं सगळंच वेडेपण नसतं. चांगला सेटर आहे तो, गिऱ्हाइकं त्याला ओळखतात. त्या दुसऱ्या कागदाच्या शेवटी त्याने एक कलम घातलंय. मोठी कल्पना आली की वहीत तारीख टाकून लिहायची, आणि डॉक्टरांच्या पुढच्या तीन भेटींत झोप नीट असताना प्रत्येक वेळी ती पुन्हा वाचायची. तिन्ही वेळा पटली तर बायकोसमोर मांडायची. गाळ्याची कल्पना दोन भेटी टिकली आहे. तिसरी भेट पुढच्या महिन्यात आहे, आणि जिगणीच्या गाळ्यांची भाडी बायकोच विचारून आली आहे.