बुडबुडा वर्गातच फुटू द्या

साबणाचा बुडबुडा काचेच्या भांड्याखाली झाकला आणि त्याला वारा लागू दिला नाही, तर तो बराच वेळ टिकतो आणि आपली सगळी हकिकत डोळ्यांदेखत सांगतो. आयझॅक न्यूटनने हा प्रयोग केला आणि १७०४ साली छापलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात तो बारकाईने नोंदवला. पडद्यातले पाणी खाली ओघळते, माथ्याकडचा भाग पातळ होऊ लागतो, आणि तिथे रंगांची वर्तुळे उमटून रुंदावत खाली सरकतात. शेवटी माथ्यावर एक काळा ठिपका दिसतो. त्या जागी पडदा इतका पातळ झालेला असतो की त्यावरून प्रकाश जवळपास परततच नाही. ठिपका पसरतो आणि बुडबुडा फुटतो. शाळेत हे दाखवताना एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवायला हवी. रंग खुलतात तेच मुळी पडदा झिजत असतो म्हणून.

बाजारातही बुडबुडा होतो: भाव खऱ्या किमतीच्या फार वर चढतात आणि मग कोसळतात. हाच न्यूटन अशा एका बुडबुड्यात सापडला. १७२० साली तो ७७ वर्षांचा होता आणि लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. त्या वर्षी साउथ सी कंपनीच्या शेअरचा भाव जानेवारीत सुमारे १२८ पौंड होता. उन्हाळ्यात तो हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपता संपता पुन्हा जवळपास मूळ जागी आला. न्यूटनने आधी आपले शेअर चांगल्या नफ्यात विकले होते. भाव चढतच राहिले, तेव्हा तो शिखराच्या जवळपास पुन्हा बाजारात शिरला आणि त्याने जबर नुकसान सोसले. गणित कच्चे म्हणून तो बुडाला, असे कोणीच म्हणू शकणार नाही. मग कमी काय पडले?

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर २६८ वर्षांनी एका प्रयोगशाळेतून आले. व्हर्नन स्मिथ, जेरी सुचानेक आणि आर्लिंग्टन विल्यम्स या अमेरिकी संशोधकांनी १९८८ साली विद्यार्थ्यांच्या बाजाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला काही शेअर आणि काही रोकड देऊन पंधरा फेऱ्या खेळायच्या. दर फेरीअखेर शेअरला लाभांश मिळणार तो ०, ८, २८ किंवा ६० सेंट, म्हणजे सरासरी २४ सेंट. पंधराव्या फेरीनंतर शेअरची किंमत शून्य. तेव्हा सुरुवातीला शेअरची खरी किंमत १५ गुणिले २४, म्हणजे ३ डॉलर ६० सेंट, आणि दर फेरीला ती २४ सेंटांनी उतरणार. हा हिशेब सहभागी विद्यार्थ्यांना आधीच दिलेला होता. कंपनीची बातमी नाही, अफवा नाही, लपवाछपवी नाही. तरीही भाव खऱ्या किमतीच्या कितीतरी वर चढले, तिथे रेंगाळले आणि शेवटच्या काही फेऱ्यांत कोसळले.

म्हणजे किंमत माहीत नसते म्हणूनच बुडबुडा होतो, असे नाही. आपल्याला ती माहीत असते, पण शेजारचा त्या माहितीप्रमाणे वागेल याची खात्री नसते. तो आणखी चढ्या भावाने घेईल असे वाटले, की महाग घेणेही शहाणपणाचे वाटू लागते. काहींना तर दर फेरीला किंमत उतरते हे वाचूनही उमगत नाही. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोच खेळ ‘रिकाम्या होत जाणाऱ्या सोन्याच्या खाणीचे शेअर’ असे सांगून खेळवला, तेव्हा बुडबुडे बरेच आटले.

स्मिथ यांच्या प्रयोगातला मोलाचा भाग पुढेच आहे. तीच मंडळी तोच खेळ तिसऱ्यांदा खेळू लागली, तेव्हा भाव खऱ्या किमतीच्या जवळ राहिले. आधी दिलेल्या हिशेबाला जे जमले नव्हते ते पोळल्याने जमले. पण २००८ साली स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच अनुभवी खेळाडूंच्या हाती जास्त रोकड दिली, लाभांशही अधिक अनिश्चित केला, आणि बुडबुडा पुन्हा उभा राहिला. अनुभव ज्या परिस्थितीत मिळाला त्या परिस्थितीपुरताच चालला.

बाजारात रोकड जितकी जास्त तितका बुडबुडा मोठा, हे या प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मुंबईचा इतिहासही तेच सांगतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या रोज उगवू लागल्या. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण घेऊन कर्ज देऊ लागली. भाव चढला की तारण वाढे, तारण वाढले की कर्ज वाढे, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकवायचा दिवस आला तेव्हा देणारे सापडेनात. खुद्द बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ साली ती बँक गुंडाळावी लागली.

त्याच मुंबईत १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स २२ एप्रिल १९९२ रोजी ४,४६७ वर होता. शेअर दलाल हर्षद मेहताच्या तेजीला पैसा पुरवला तो पुन्हा बँकांनीच. रोख्यांच्या व्यवहारांतला, खोट्या पावत्यांवर उचललेला हा पैसा होता. दोन तेजींमध्ये सव्वाशे वर्षे गेली. पहिलीत होरपळलेल्यांपैकी दुसरी पाहायला कोणी उरले नव्हते. अनुभव वारशाने मिळत नाही, आणि प्रत्येक पिढी तो नव्याने, स्वतःच्या पैशाने विकत घेते.

आज तो किती महाग पडतो, हे बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे. फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत तोटा झाला, आणि तो एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक आहे. २०२३-२४ मध्ये या खेळाडूंपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. हा बुडबुडा नव्हे, तो वेगळा धडा आहे. पण ही मुलं कालपरवाच शाळेतून बाहेर पडली आहेत आणि बाजाराचा पहिला प्रयोग त्यांनी घरच्या पैशावर केला आहे.

म्हणून नववी-दहावीच्या वर्गात हा पंधरा फेऱ्यांचा खेळ विज्ञानाच्या प्रयोगासारखाच व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणतो. त्याला लाभांश ठरवायला फासा, कागदाच्या चिठ्ठ्या, खेळातल्या नोटा आणि फळा एवढेच लागते. फळ्यावर दर फेरीची खरी किंमत आणि मुलांनी लावलेला भाव अशा दोन रेषा काढाव्यात. पहिल्या खेळात मुलांना बुडू द्यावे, सावध करू नये. मग तोच खेळ पुन्हा घ्यावा आणि रेषा जवळ येतात का ते पाहावे. तिसऱ्यांदा सर्वांच्या हातची रोकड दुप्पट करावी, म्हणजे शिकलेला शहाणपणा कशाने डळमळतो तेही कळेल. प्रयोगवहीत निरीक्षण लिहिताना ‘मी महाग का घेतला?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे.

शाळेतल्या एका खेळाने बाजार सुधारेल का, अशी शंका रास्त आहे. तिलाही प्रयोगानेच उत्तर दिले आहे. २००५ च्या एका अभ्यासात अनुभवी आणि नवखे खेळाडू एकत्र बसवले, तेव्हा सहापैकी दोघेच अनुभवी असले तरी बुडबुडे बरेच कमी झाले. सहा जणांची प्रयोगशाळा म्हणजे दलाल स्ट्रीट नव्हे, हे खरेच. तरी बाजार सावरायला सगळ्यांनीच शहाणे व्हावे लागत नाही, एवढी आशा त्यातून मिळते. तेवढी माणसे तयार करणे शाळेच्या आवाक्यातले काम आहे, आणि खेळातल्या नोटांनी होणारे हे शिक्षण घरच्या पैशांवर सोडून देण्याचा आपल्याला अधिकार नाही.