कारण आणि दोष

तान्हे मूल रात्री दूध पिऊन निजते आणि पहाटे उठत नाही. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टरांस सांगण्याजोगे एकही लक्षण नाही. अशा मृत्यूस वैद्यकशास्त्र आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणते. परंतु हे नाव म्हणजे उत्तर नव्हे. एक वर्षाच्या आतील मुलाचे शवविच्छेदन, घराची पाहणी, पूर्वेतिहास, हे सारे होऊनही कारण सापडले नाही, तरच ते द्यावयाचे असते. मनुष्याच्या मनास मात्र ही रिकामी जागा सोसत नाही. कारण सापडेनासे झाले की ते दोषी शोधू लागते, आणि येथे त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुलाची आई शेजारीच निजलेली असते.

ह्या प्रश्नाचा विचार सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्यास निमित्त झाला तो ऑस्ट्रेलियातील एक खटला. न्यू साउथ वेल्स राज्यातील कॅथलीन फॉल्बिग ह्या बाईंची चार अपत्ये १९८९ ते १९९९ ह्या दहा वर्षांत एकामागून एक गेली. पहिला मुलगा अवघ्या १९ दिवसांचा होता. शेवटची मुलगी दीड वर्षाची. २००३ साली ज्यूरीने बाईंस तीन मुलांच्या खुनाबद्दल व पहिल्याच्या सदोष मनुष्यवधाबद्दल अपराधी ठरविले. शिक्षा झाली ४० वर्षांची. अपिलात ती ३० वर्षांवर आली. श्वास कोंडून मारल्याचा निश्चित वैद्यकीय पुरावा नव्हता. भर होता तो एकाच घरात चार मुले अशी जातीलच कशी ह्या प्रश्नावर, आणि बाईंच्या रोजनिशीवर. रोजनिशीत त्यांनी स्वतःसच बोल लावला होता, आणि तो कबुलीजबाब मानला गेला. मूल गमावलेल्या ज्या माता आम्ही पाहिल्या, त्यांपैकी स्वतःस बोल न लावणारी एकही आम्हांस आठवत नाही.

एकाच घरात चार मृत्यू हा योगायोग नव्हे, हे क्षणभर मान्य करू. परंतु योगायोग नव्हे म्हणजे खून, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क ह्या बाईंच्या खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की, अशा घरात दोन मुले आपोआप दगावण्याचा संभव ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा निघाला कसा? एका मृत्यूचा संभव ८,५४३ त एक धरून त्यास त्यानेच गुणले होते. दोन भावंडांचे रक्त एक, घर एक, हवा एक. त्यांचे मृत्यू परस्परांशी असंबद्ध मानून केलेला हा गुणाकार शाळकरी मुलासही खटकावा. १९९९ साली शिक्षा झालेल्या त्या बाई २००३ साली सुटल्या आणि २००७ साली निवर्तल्या. आमच्या नैयायिकांनी ‘अन्यथासिद्ध’ असा एक शब्द योजला आहे. माती वाहणारे गाढव घट होण्यापूर्वी तेथे हजर असते, म्हणून ते घटाचे कारण ठरत नाही. प्रत्येक मृत्यूच्या वेळी आई घरात होती, ह्या गोष्टीचे मोल तरी ह्याहून अधिक काय?

फॉल्बिग बाईंच्या बाबतीत निराळे कारण पुढे आणले ते आनुवंशशास्त्राने. कॅनबेरा येथील विद्यापीठातील संशोधक कॅरोला विनुएसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आई आणि तिच्या दोन्ही मुली ह्यांच्या ‘काल्म-२’ ह्या जनुकात एक विरळा बदल असल्याचे दाखविले. ह्या जनुकावरून कॅल्मोड्युलिन नावाचे प्रथिन बनते. ते कॅल्शियमला धरते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय राखण्यास साह्य करते. बदललेले प्रथिन ते काम नीट करीत नाही, असे प्रयोगांत दिसले. म्हणजे झोपेत हृदय एकाएकी थांबणे संभवनीय होते. २०१९ च्या चौकशीने शिक्षा कायम ठेवली होती. प्रयोगांसह हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाल्यावर मात्र नव्वद शास्त्रज्ञांनी व वैद्यांनी क्षमेचा अर्ज केला, दुसरी चौकशी झाली, ५ जून २०२३ रोजी बाई मुक्त झाल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोषनिर्णय रद्द झाले. तोवर वीस वर्षे तुरुंगात गेली होती. मुली ह्याच कारणाने गेल्या असे शास्त्राने छातीठोकपणे म्हटलेले नाही. दुसरे कारण संभवते एवढेच म्हटले. दंड देणाऱ्याचा हात थांबविण्यास तेवढे पुरेसे असावे.

येथे आम्हांस एक भय वाटते. तो बदल मुलींस आईकडूनच आला होता. आजवर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून सुनेस हिणविणारी जीभ उद्या ‘हिच्या रक्तातच खोट’ असे म्हणू लागली, तर ज्ञान वाढून काय साधले? जे आपण निवडले नाही, ठाऊकही नव्हते, त्याचे आपण वाहक असू, कर्ते नव्हे. आणि कर्तृत्वावाचून अपराध नाही. पूर्वकर्माचेही तेच. दुःखी मनुष्य स्वतःच्या समाधानासाठी पूर्वकर्म म्हणतो, तेव्हा तो आधार असतो. शेजाऱ्याने तेच तिच्या तोंडावर म्हटले की तो आरोप होतो.

महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा कीर्तनांतून आपण ऐकली आहे. मौनव्रतामुळे ते उत्तर देईनात आणि चोरीचा माल आश्रमात सापडला, एवढ्यावरून राजाने त्यांस सुळी दिले. पुढे धर्मराजाने कारण सांगितले ते बालपणी कीटकांस काडी टोचल्याचे! ऋषींनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. एवढ्या लहान अपराधास एवढा दंड कसा, असे विचारून त्यांनी प्रत्यक्ष धर्मास शाप दिला आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्यास पातक नाही अशी मर्यादा घातली. धर्माच्या निवाड्याचाही जाब विचारता येतो, हे आमच्याच ग्रंथाने नोंदविले आहे.

आपल्याकडे तान्ह्या मुलास घाईने मूठमाती देतात. डॉक्टरांनी शवविच्छेदनाविषयी विचारले तर वडीलधारी मंडळी ‘आता त्या जीवाची विटंबना नको’ म्हणून नकार देतात. भावना आम्ही जाणतो. परंतु पुष्कळदा उत्तर मिळाले नाही तरी, मिळते तेव्हा ते मागे राहिलेल्या भावंडांच्या कामी येते: हृदयाच्या लयीचा दोष वेळीच कळला तर त्यावर औषध असते. म्हणून त्या घडीस नकाराचा शब्द आजोबांनी किंवा सासूबाईंनी काढण्यापूर्वी मुलाच्या आईस विचारावे.