किल्ल्यातली शाळा आणि आपली शाळा



वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या देवळाचा दर्शनी भाग अजून उभा आहे. सहलीला गेलेली मुले त्यापुढे फोटो काढतात आणि पुढे पळतात. त्या देवळाबरोबर येशूसंघीयांची शाळाही होती. आज थोडे तिच्याविषयी बोलू या.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १५४८ साली संत फ्रान्सिस झेवियर इथे येऊन गेले. त्याच सुमारास येशूसंघाचे काम वसईत सुरू झाले.

या शाळेत वसईचाच एक मुलगा शिकला, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथल्या मातीतली. पंधराएक वर्षांचा असताना तो धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी चांगली आत्मसात केली की तो जपानी लोकांचा धर्मशिक्षक झाला. सुमारे आठ वर्षे ही सेवा केल्यावर त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही.

आपण असतो तर काय केले असते? एवढी वर्षे राबलो आणि दार बंद, म्हणून देवळाची पायरी सोडणारे आपल्या गावांतही आहेत. गोन्सालोने व्यापार केला, पैसाही मिळवला. पण हाक काही थांबली नाही. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनाच सोबत नेण्यात आले. कोवळ्या वयात शिकलेली भाषा देवाने अशी कामाला लावली! ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवले गेले. त्यांत आपले ब्रदर गोन्सालो होते. १८६२ साली पवित्र सभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

मे १७३९ मध्ये किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेकडे गेला. शाळा बंद पडली, छपरे कोसळली. श्रद्धा मात्र गावागावांत टिकली. गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनी ती सांभाळली आणि आपल्या आजी-पणजींनी दिव्यापुढे रोझरी म्हणून ती पोरांच्या तोंडी दिली. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो या लोकांच्या बळावर.

आता आपल्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेकडे वळू. ती कोणा लढाईने ओस पडत नाही. आपणच मुलांना हात धरून पिवळ्या बसमध्ये बसवतो. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्या संताचे नाव आपण घेतो, तो तर परक्या भाषेनेच सेवेला लागला. पण घरी आजीशी धड बोलता येत नाही, मिस्सेतले वाचन अडखळत होते, ही तक्रार आईवडीलच आमच्याकडे घेऊन येतात. पोटाला चिमटा घेऊन मोठी फी भरणारी घरेही आम्हांला ठाऊक आहेत. त्यांना दोष द्यायचा नाही. एकदा शाळेत येऊन वर्ग बघा, शिक्षकांशी बोला, काय कमी वाटते ते स्पष्ट सांगा, एवढेच मागणे आहे.

पहिलीच्या प्रवेशाचे अर्ज शाळेच्या कचेरीत आहेत. रविवारी सकाळच्या मिस्सेनंतरही कचेरी उघडी असते.